फूट-तोळ्यातून मीटर-ग्रॅमकडे: इंदूरच्या घरासाठी मापांचं काम कसं बदलावं

इंदूरमधल्या मराठी घरांत अजून फूट, सूत, वार, तोळा आणि पाव बोलले जातात. पण बाजारातून घरी जे येतं ते या मापांत बनलेलं नसतं. सळई आणि टाइल मिलिमीटरमध्ये बनते, कापड मीटरवर विकलं जातं, सोन्याचं बिल ग्रॅममध्ये होतं, खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, शेतजमीन हेक्टरमध्ये लिहिलेली असते. मापं-वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं बाजारात आली. वस्तू बदलल्या, बोलणं तेच राहिलं. पैसा बुडतो तो या दोहोंच्या मधल्या हिशेबात.

म्हणून पहिला नियम असा: रूपांतर करू नका, पुन्हा मोजा. कागदावर दहा फूट लिहिलेलं असेल तर त्याला ३०.४८ नं गुणत बसण्यापेक्षा टेप घेऊन ती भिंत मिलिमीटरमध्ये मोजा. दहा फूट म्हणून बांधलेली भिंत खरोखर दहा फूट क्वचितच भरते. गुणाकार बरोबर आला तरी उत्तर चुकलेलंच असतं.

आधी साधनं

तीन वस्तू पुरतात: ५ मीटरचा स्टीलचा टेप, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा ५ किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि १ लिटरचं खुणांचं पारदर्शक मापपात्र.

टेप घेताना दोन्ही कडांवर मिलिमीटर असलेला मागा. सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत बहुतेक एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेले टेप पुढे करतात. तसा टेप हातात असला की डोळा सवयीनं इंचाकडेच जातो आणि महिनाभरानंतरही काही बदललेलं नसतं. टेपच्या टोकाची आकडी थोडी हलते. तो दोष नाही. आतून माप घेताना आकडी भिंतीला टेकून दाबली जाते, बाहेरून घेताना ओढली जाते, आणि ती स्वतःच्या जाडीइतकी सरकते म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. ती ठोकून घट्ट केली तर पुढे आतली किंवा बाहेरची मापं सुमारे एक मिलिमीटरनं चुकतील. खिडकीच्या आतल्या मापासाठी टेप वाकवून अंदाज घेऊ नका. टेपची डबी भिंतीला टेकवा आणि डबीवर छापलेली तिची लांबी आकड्यात मिळवा.

काटा आणल्यावर एकदा तपासा. मापपात्र ठेवून काटा शून्यावर आणा, १ लिटर पाणी ओता. खोलीच्या तापमानाला सुमारे ९९७ ग्रॅम यायला हवेत. पाच-दहा ग्रॅमचा फरक मापपात्राच्या खुणेचा असू शकतो. त्याहून जास्त असेल तर १ किलो मिठाची बंद पिशवी ठेवून बघा. काटा कडक, सपाट ओट्यावरच ठेवावा. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर किंवा घडी घातलेल्या कापडावर तो कमी-जास्त दाखवतो.

आणखी एक सवय पहिल्याच दिवशी लावा. बांधकाम आणि सुतारकामात सगळं मिलिमीटरमध्येच लिहा. दशांश चिन्ह लागत नाही आणि गोंधळ होत नाही. एकाच कागदावर २१० कुठे सेंटिमीटर आणि कुठे मिलिमीटर असेल तर मिस्त्री त्याला पटेल तेच धरणार. कापड आणि शरीराची मापं सेंटिमीटरमध्ये, पाण्याच्या टाक्या मीटरमध्ये आणि खोल्यांचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये.

बांधकाम: इथे लक्ष द्या

सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते, म्हणून हा भाग सविस्तर.

सळई अजून सुतात मागितली जाते. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. त्या हिशेबानं तीन सूत ९.५ मिलिमीटर आणि चार सूत १२.७ मिलिमीटर होतात. पण लोहा मंडीत तीन सूत म्हणून मिळते ती १० मिलिमीटरची सळई आणि चार सूत म्हणून १२ मिलिमीटरची. सळईचं वजन व्यासाच्या वर्गावर वाढतं, त्यामुळे सुतावरून वजन काढलं तर तीन सुताच्या सळईत ते सुमारे ९ टक्के कमी येतं आणि चार सुताच्या सळईत १२ टक्के जास्त. दोन्ही चुका उलट्या दिशेच्या, म्हणून एकाच अंदाजपत्रकात त्या सहज लपतात.

करायचं असं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करा, १६२ नं भागा. आलेला आकडा म्हणजे एका मीटरचं वजन किलोग्रॅममध्ये. ८ मिमीचं ०.३९५, १० मिमीचं ०.६१७, १२ मिमीचं ०.८८८, १६ मिमीचं १.५८ किलो. सळईची पूर्ण लांबी साधारण १२ मीटर असते, म्हणजे १२ मिमीची एक सळई सुमारे १०.६६ किलो. माल उतरताना नग मोजा, एका नगाची लांबी टेपनं मोजा, गुणाकार करून धर्मकाट्याच्या, म्हणजे गाडीसकट वजन करणाऱ्या काट्याच्या, पावतीशी ताडा. १२ मिमीसाठी मानकात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो आणि १० मिमीपर्यंतच्या सळईला ७ टक्के. त्याहून हलकी भरली तर सळई बारीक लाटलेली आहे किंवा लांबी कमी आहे. कापायला सुरुवात होण्याआधीच हे बोलून घ्यावं. नंतर कुणी ऐकत नाही.

आता टाइल. बोलण्यात जी दोन बाय दोनची, ती ६०० × ६०० मिमीची असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी, हे इथे विसरा. चार टाइलांची पेटी सोळा चौरस फूट समजून घेतली जाते. ती भरते १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. हजार चौरस फुटांच्या फरशीला सोळाच्या हिशेबानं ६३ पेट्या लागतील असं वाटतं, प्रत्यक्षात कापणीतली नासाडी धरण्याआधीच ६५ लागतात. दोन पेट्या नंतर आणायला गेलात की दुसऱ्या लॉटच्या मिळतात आणि त्यांचा रंग आधीच्या फरशीशी जुळत नाही. खरी अडचण ती आहे. चौरस मीटरमध्ये हिशेब करा, त्यावर ८ ते १० टक्के जास्त धरा आणि सगळ्या पेट्या एकाच वेळी, एकाच लॉट नंबरच्या घ्या.

खोलीच्या मापाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गिलावा झाल्यावर खोली आतून बरोबर दहा फूट, म्हणजे ३०४८ मिमी राहिली, तर ६०० च्या पाच टाइला आणि २ मिमीचे सांधे मिळून सुमारे ३०१० मिमी भरतात. उरते जवळजवळ ३८ मिमीची पट्टी. एवढी अरुंद पट्टी कापताना तुटते आणि बसली तरी आयुष्यभर डोळ्याला टोचते. दोन्ही बाजूंना सारखे मोठे तुकडे घेऊन मांडणी मध्यावर आणता येते, पण मग टाइला बऱ्याच जास्त लागतात, कारण ३२ सेंटिमीटरचा तुकडा एका टाइलमधून एकच निघतो.

उपाय पायाच्या वेळीच करायचा. मिस्त्रीला गिलाव्यानंतरचं आतलं माप द्या: पाच टाइलांसाठी ३०१५ मिमी, सहा टाइलांसाठी ३६२० मिमी. दोन्ही बाजूंना उरणारी तीन ते पाच मिमीची फट स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली) झाकली जाते. विटेपासून विटेपर्यंतचं माप हवं असेल तर दोन्ही बाजूंच्या गिलाव्याचे साधारण ३० मिमी मिळवा. ठेकेदाराशी बोलताना ‘तयार माप’ की ‘विटेचं माप’ हे प्रत्येक आकड्यापुढे लिहून घ्या. घर आधीच बांधलेलं असेल तर अरुंद पट्टी कपाटाच्या भिंतीकडे टाका, किंवा त्या बाजूनं ग्रॅनाइटची वेगळ्या रंगाची किनार द्या.

स्लॅबला मेट्रिक किती सोपं पडतं ते बघा. ६० चौरस मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब: ६० गुणिले ०.१२५, म्हणजे ७.५ घनमीटर. तयार काँक्रीट घनमीटरवरच विकलं जातं, त्यामुळे हाच आकडा ऑर्डरचा. फूट-इंचांत हाच हिशेब करताना बारानं भागायचं राहून जातं किंवा शेवटी ३५.३ नं भागताना चुकतं, आणि गाडी अर्धी उरते किंवा ओतकामाच्या मध्येच कमी पडते. मध्येच थांबलेल्या ओतकामाचा सांधा पुढे गळतो.

खिडक्या-दारांसाठी रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही डावीकडे, मध्ये, उजवीकडे. दोन्हींतलं सगळ्यात लहान माप चौकटीसाठी द्या. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांच्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी गिलावा सुधारून घ्या, चौकट नंतर.

मिस्त्री फुटातच बोलत असेल तर वाद घालू नका. त्याच्या हाताला त्या मापाची वर्षानुवर्षांची ओळख आहे आणि त्या कौशल्याचा मान ठेवावा. त्याला मिलिमीटरचा टेप आणून द्या आणि भिंतीवर पेन्सिलीनं आकडे स्वतः लिहा. कामाच्या जागी इंचाचा दुसरा टेप राहू देऊ नका, एवढं मात्र कटाक्षानं पाळा.

प्लॉट आणि जमीन

इंदूरचा ठरलेला प्लॉट वीस बाय पन्नास फूट, म्हणजे ६.०९६ × १५.२४ मीटर, क्षेत्रफळ ९२.९ चौरस मीटर. एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर धरून ६ × १५ केलं की ९० येतात. २.९ चौरस मीटर, म्हणजे ३१ चौरस फूट गेले; चार हजार रुपये फुटाच्या भावानं सव्वा लाखाची जागा. फुटाला ३० सेंटिमीटर धरण्यातली चूक लांबीत १.६ टक्के दिसते, क्षेत्रफळात ती ३.१ होते आणि घनफळात ४.७.

दलाल भाव चौरस फुटाचा सांगतो, कलेक्टर गाइडलाइन (सरकारी दरपत्रक) प्लॉटला चौरस मीटरचा. दोन्ही एका रांगेत आणायला फुटाचा भाव १०.७६४ नं गुणा: ४,००० रुपये फूट म्हणजे ४३,०५६ रुपये चौरस मीटर. स्टॅम्प ड्यूटीचा अंदाज याच्याशिवाय काढू नये.

शेतजमिनीत बिघा हा शब्द व्यवहारातून काढूनच टाका. बिघा प्रदेशागणिक बदलतो. माळव्यातला आणि ग्वाल्हेरकडचा एक नाही. खसऱ्यातला हेक्टरचा आकडा घ्या. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे २.४७१ एकर. ०.४०५ हेक्टर दिसलं की तो एक एकर. मणाचंही तेच. गुजरातेत मण २० किलोचा, इकडे बोलण्यात ४० चा, आणि जुन्या शेराचा मण ३७.३२ किलोचा होता. बडोद्याचे नातेवाईक गव्हाचा मणाचा भाव सांगतील तर तो थेट क्विंटलमध्ये विचारून घ्या.

स्वयंपाकघर

जुन्या वहीतल्या पाककृती फेकायच्या नाहीत. त्यांना एकदा वजन द्यायचं. शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. पायली, मापटं, चिपटं ही तर भरून मोजायचीच मापं, म्हणून एका पायलीत गहू, तांदूळ आणि पोहे यांचं वजन वेगवेगळं येतं. पुस्तकातला एकच ठरावीक आकडा सगळ्याला लावला की भाजणी बिघडते. घरात जुनं मापटं किंवा चिपटं असेल तर त्यात तोच जिन्नस भरून, वरून सपाट करून काट्यावर ठेवा, आणि आलेलं वजन वहीत त्या ओळीसमोर लिहा.

वाटीसाठी रीत अशी. घरात नेहमी वापरता ती एकच वाटी निवडा. काट्यावर ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. घरोघरच्या वाट्या १५० पासून २०० मिलीपर्यंत असतात, म्हणूनच मावशीच्या घरी जमलेली शंकरपाळी आपल्याकडे कडक होते. मापाचा कप २४० मिलीचा असतो. त्यात साखर साधारण २०० ग्रॅम बसते आणि मैदा १२० ते १२५. मैदा दाबून भरला तर १४० च्याही पुढे जातो. चिरलेल्या गुळाला तर वाटी लावूच नये, कारण तुकड्यांमधली पोकळी दर वेळी वेगळी असते. पुरण आणि अनारसे यांचा गूळ वजनानंच घ्या; तो जास्त झाला तर अनारसा तुपात विरघळतो.

पावशेर पूर्वी २३३ ग्रॅमचा होता, आता पाव म्हणजे २५० ग्रॅम. आजी-पणजीच्या काळातल्या कृतीत पावशेर असेल तर सगळ्याच जिन्नसांना २५० धरा. प्रमाण तेच राहतं. पण अंडी, लिंबं अशा नगावर मोजायच्या वस्तू कृतीत असतील तर २३० च घ्या.

तेलाच्या डब्यावर लिटर आहे की किलो, हे आधी वाचा. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ लिटरचा डबा १३.६५ किलोचा आणि १५ किलोचा डबा १५ किलोचाच. दोन्हींमध्ये सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक असतो. भाव नेहमी निव्वळ वजनानं भागून बघा. पाकिटावर एकक विक्री किंमत छापलेली असते, एक किलोच्या आतल्या पाकिटावर प्रति ग्रॅम आणि त्याहून मोठ्या पाकिटावर प्रति किलो. ९०० ग्रॅमच्या पाकिटाला किलोचं समजण्याची चूक तिथेच पकडता येते.

कापड आणि सोनं

सीतलामाता बाजारात कापड मीटरवर मिळतं, पण पन्हा अजून इंचांत सांगतात: ३६ इंच म्हणजे ९१ सेंटिमीटर, ४४ म्हणजे ११२, ५८ म्हणजे १४७. पन्हा विचारल्याशिवाय लांबी ठरवू नका. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ च्या पन्ह्यात सव्वादोन मीटर आणि ५८ च्या पन्ह्यात १.६ मीटर लागतं. नऊवारी म्हणजे नऊ वार, ८.२३ मीटर. थानातून फाडून घेताना ८.२५ मीटर सांगा. ‘नऊ मीटर’ म्हणालात तर पाऊण मीटरचे पैसे उगाच जातील. शिंप्याकडे मात्र त्याच्या टेपचं एकक राहू द्या आणि नीट बसणारा जुना कपडा सोबत न्या. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणला जातो. स्टीलच्या टेपशेजारी धरून बघितला की कळतं.

तोळ्यावर मात्र तडजोड नको. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला १० ग्रॅमचा. लग्नाच्या बोलणीत ‘दहा तोळे’ ठरले की एका घराच्या मनात ११६.६ ग्रॅम असू शकतात आणि दुसऱ्याच्या मनात १००. हा फरक नंतर कटुता आणतो, म्हणून याद्या करताना ग्रॅमच लिहा आणि सोबत कॅरेटही. घरातल्या जुन्या यादीतल्या तोळ्यांवरून अंदाज न बांधता दागिने सराफ्यात काट्यावर ठेवून घ्या. खडे आणि मणी यांचं वजन वेगळं काढून बिलावर निव्वळ सोन्याचं वजन लिहून मागा.

पाणी, पाऊस, ताप

इथे मेट्रिकचा खरा आनंद आहे. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. २ × १.५ × १.२ मीटरचा हौद ३.६ घनमीटर, म्हणजे ३,६०० लिटर. नर्मदेचं पाणी येण्याच्या दोन वेळांमध्ये घर चालेल की नाही, हे लगेच कळतं. उंची मोजताना तळापासून ओव्हरफ्लोच्या पाइपपर्यंतच मोजा, झाकणापर्यंत नको. पावसाची बातमी इंदूरमध्ये इंचांत येते. एक इंच २५.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर ५० मिमी पाऊस झाला तर ४,६५० लिटर, आणि गळती-बाष्पीभवनाचे १५ टक्के वजा करून सुमारे ३,९५० लिटर साठवणीत जातं.

ताप: ९८.६ अंश फॅरनहाइट म्हणजे ३७, १००.४ म्हणजे ३८, १०२ म्हणजे ३८.९, १०४ म्हणजे ४० अंश सेल्सिअस. डॉक्टरांना फोनवर सांगताना एककही सांगा.

उंची लिहिताना ५ फूट ६ इंच हे ५.६ असं लिहिलं जातं आणि मग कॅलक्युलेटरमध्ये तेच घातलं जातं. ५.६ फूट म्हणजे १७०.७ सेंटिमीटर, पाच फूट सहा इंच म्हणजे १६७.६. बीएमआय त्यामुळे चुकतो. भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी लावा, तेवढंच पुरे.

मुलांचं औषध घरच्या चमच्यानं कधीही देऊ नका. मापाचा चमचा ५ मिलीचा, घरातला त्याहून लहान किंवा बराच मोठा असू शकतो. बाटलीसोबतची टोपी किंवा सुईविना सिरिंज वापरा आणि ५ मिलीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते दर नव्या बाटलीवर पुन्हा वाचा. तेच पॅरासिटामोल १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं.

जिथे हात लावू नये

टीव्हीचा पडदा, चाकाची रिम आणि नळाचे आटे यांना इंचातच राहू द्या. अर्धा इंची आट्याचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २१ मिमीच्या आसपास असतो, १२.७ नसतो. कॅलिपर लावून माप काढलंत आणि दुकानात तोच आकडा सांगितलात तर चुकीचा तुकडा मिळेल. जुना नळ किंवा सॉकेट सोबत नेणं उत्तम. यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिकचा) पाइप बहुतेक २०, २५, ३२ मिमी अशा बाहेरच्या व्यासानं मिळतो आणि सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा) बहुतेक इंचानं. दोन्ही एकाच लाइनमध्ये जोडायचे असतील तर सॉल्व्हंट लावून एकमेकांत दाबू नका, मधे आट्याचा अडॅप्टर टाका. दोन्हींचं सॉल्व्हंटही वेगळं येतं.